मागावरच्या दिव्यांची झाकणे

माझ्या वहिनींचे डोळे अधू झाले नव्हते. त्यांच्या मागघरात मी लावलेल्या दिव्यांची प्लास्टिकची झाकणे पिवळी पडली होती. हे मला ठाऊक होते, आणि तरीही अनेक वर्षे मी घरातल्या सर्वांना, खुद्द वहिनींनाही, त्यांचे डोळे गेले असेच समजू दिले. चारचौघांत सांगायला गेलो तर ही चूक क्षुल्लक वाटेल. प्लास्टिकचे झाकण ते काय, आणि त्याची एवढी रुखरुख कशाला? ती लपवणे मला इतके सोपे गेले, त्याचे कारणही बहुधा हेच असावे.

आमचे घर मोहाडी तालुक्यातल्या एका विणकर गावातले. कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, साड्या विणणे हा पिढ्यांचा धंदा. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या आगेमागे मी बाहेरगावची कारखान्यातली नोकरी सोडून परत आलो. माग थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, सांभाळले होते. मी विजेच्या कामातला पदविकाधारक. धाग्यात मला गती नव्हती. काही वर्षे मोटारी आणि पंप दुरुस्त केले. पुढे एलईडी दिव्यांचे दिवस आले, तेव्हा मोहाडीच्या रस्त्याला लागून पत्र्याचे छप्पर उभारले आणि दिवे जुळवण्याचा लहानसा कारखाना काढला. अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ, तिच्यात चिपांची पट्टी, टोकाला विजेचा दाब सांभाळणारी डबी, आणि या सगळ्यावर सरकवायचे दुधी झाकण. गिऱ्हाईक नेहमी चिप कोणत्या कंपनीची ते विचारी. झाकण कशाचे, हे मला कधी कोणी विचारले नाही. वास्तविक चिप बरीच वर्षे टिकते. दिवा म्हातारा दिसू लागतो तो झाकणामुळे.

झाकणाचा माल मी नागपूरहून आणत असे. तिथल्या दुकानदाराला बोलण्याची हौस होती. पहिल्याच भेटीत त्याने तीन तुकडे फळीवर मांडले.

“हे पाहा, पॉलिस्टायरीन. सस्ता, सुंदर, अन् पहिल्या दिवशी सगळ्यांत गोरा. हे अ‍ॅक्रिलिक. मोठ्या घरची पोरगी आहे, रंग कधी जात नाही, पण जरा आवाज चढवला की तडकते. अन् हे पॉलिकार्बोनेट. याच्यावर हातोडा मारा, तुमचाच हात दुखंल.”

“मग सगळे हेच का नेत नाहीत?” मी विचारले.

“भाऊ, लोक दिवा पहिल्या दिवशी पाहून घेतात ना!” असे म्हणून तो हसला. मीही हसलो.

त्याच्या बोलण्यावर विसंबून राहणे मला पटले नाही. तिन्ही प्रकारच्या पट्ट्या मी कारखान्याच्या छपरावर तारेने बांधल्या आणि प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या चिकटपट्टीने गुंडाळून टाकला. आमच्याकडचा उन्हाळा अशा परीक्षेला पुरेसा असतो. पाऊस सुरू झाल्यावर त्या खाली काढल्या, चिकटपट्टी सोलली आणि बाकावर ओळीने ठेवल्या. पॉलिस्टायरीनचा झाकलेला अर्धा भाग अंड्याच्या कवचासारखा पांढरा होता. उघडा भाग जुन्या तुपासारखा पिवळा झाला होता आणि नखाने दाबला तर तडकत होता. अ‍ॅक्रिलिक जसेच्या तसे होते, पण बाकावरून निसटले आणि फरशीवर पडून फुटले. पॉलिकार्बोनेट उत्तम राहिले. त्यातली एक पट्टी मात्र मी अजाणतेपणी उलटी बांधली होती, ती थोडी पिवळसर झाली. उन्हापासून राखणारा थर त्या पत्र्याच्या एकाच अंगाला असतो, हे मला तेव्हा कळले. त्याच वर्षी सिहोऱ्याकडच्या एका गावाने तलावाच्या पाळीवर लावायला दिवे मागितले. त्यांना मी पॉलिकार्बोनेटचीच झाकणे दिली, थर असलेली बाजू बाहेर ठेवून, आणि दोन्ही टोकांना रबर बसवून. कारण धान पिकू लागले की तुडतुडे दिव्यावर असे तुटून पडतात की झाकणाच्या आत त्यांचा थर साचतो. ते दिवे अजून पांढरे आहेत. म्हणजे मला माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय मी स्वतःच माझ्यासाठी ठेवली नव्हती.

आता वहिनींच्या कामाविषयी सांगायला हवे. कोशाचा धागा बहुतेक वेळा रंगवीत नाहीत. त्याचा रंग जन्माचाच असतो, आणि तो एका कोशासारखा दुसऱ्याचा नसतो. धाग्याची कोणती लडी मधाच्या रंगाची, कोणती बदामी, कोणती किंचित राखी. विणायला घेण्यापूर्वी या लड्या रंगाप्रमाणे निवडून वेगळ्या कराव्या लागतात. निवड चुकली तर साडीच्या अंगात आडवा पट्टा उमटतो, आणि उमटलेला पट्टा मग कशानेही पुसता येत नाही. आमच्या घरात ही निवड वहिनी करीत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो. रोज सकाळी, ऊन अंगणात उतरण्यापूर्वी, त्या ओसरीच्या उंबऱ्यापाशी बसत आणि मांडीवर लड्या घेऊन एकेक दारातल्या उजेडात धरीत. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही, असा घरात नियमच होता. शाळेत जाताना मी त्यांच्या अंगावरून उडी मारून जात असे, आणि त्या मान वर न करता म्हणत, “सावली पाडू नका, भाऊजी.”

दसऱ्याला आमच्याकडे मागांची पूजा होते. त्या दिवशी विणायचा धोटा हातात घेत नाहीत. मागाला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि आपट्याची पाने. त्या वर्षीच्या दसऱ्याला मागघरात माझे दिवे लागावेत, असे माझ्या मनाने घेतले. दादा मला लहानपणापासून “बल्बवाला” म्हणून चिडवीत असे. विणकराच्या घरात जन्मून धाग्याला हात न लावणारा मी, मलाही त्या पूजेत माझे काहीतरी मांडायचे होते. पॉलिकार्बोनेटचा माल मी नागपूरला सांगून ठेवला होता. तो वेळेवर आला नाही. कारखान्यात पॉलिस्टायरीनची झाकणे पडून होती. मी तीच बसवली. दिवाळीनंतर बदलून टाकू, असे मनाशी ठरवले. आत कुठे ऊन आहे, अशीही एक समजूत घालून घेतली.

ती समजूत खोटी होती. आमच्या मागघराच्या छपरात जागोजागी पारदर्शक पत्रे आहेत, आणि विणकराची रीत अशी की दिवसा जिथून उजेड येतो तिथूनच दिव्याचाही यावा. धाग्याची सावली बदलली की त्याचा हात चुकतो. त्यामुळे दिवे नेमके त्या पारदर्शक पत्र्यांच्या खाली टांगायचे ठरले. दादाने शिडीखाली उभे राहून एकेकाची जागा दाखवली. “अजून इकडे घे. हां, आता उजेड जिथचा तिथं आला.” पत्र्यांतून रोज तिरपे ऊन झाकणावर पडेल अशाच जागी, उन्हात पिवळे पडणारे झाकण मी माझ्या हाताने लावत होतो. शिडीवर असताना माझ्या मनात हे येऊन गेले. आठवत नाही असे मी म्हणणार नाही.

दिवे लागले तेव्हा मागघर लख्ख झाले. खरोखर, तिन्ही प्रकारांत पहिल्या दिवशी तेच सर्वांत गोरे दिसते. दादाने शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवले. “पाहा गा, आमच्या बल्बवाल्यानं दिवसच आणून टांगला!” मी वहिनींना म्हणालो, “वहिनी, आता सकाळची वाट पाहायचं काम नाही. दुपारी, संध्याकाळी, केव्हाही बसा इथं लड्या घेऊन. हा उजेड दिवसासारखाच आहे.” वहिनींना ते पटले नसावे. दोन-तीन दिवस त्या ओसरीवरच बसल्या. पण घरातली सकाळची कामे वाढलेली होती, आणि धाकट्या दिराने एवढ्या हौसेने सांगितले होते. मग कामे आटोपून संध्याकाळी त्या आत येऊन बसू लागल्या. उंबऱ्यापाशी बसण्याची त्यांची जन्माची सवय मी मोडली.

दिवाळी गेली. झाकणे बदलायची राहिली. नंतर नवी कामे आली. चांगले दिसणारे काम आपण पुन्हा पुन्हा पाहतो; अपुरे राहिलेल्या कामाकडे बघायला मन तयार होत नाही. मागघरात गेलो की मी दिव्यांकडे मान वर करीत नसे.

पिवळेपणा एका दिवसात येत नाही. रोज थोडा थोडा येतो आणि डोळा त्याला सरावतो. दुसरा उन्हाळा संपत आला असताना एकदा वहिनींनी मला हाक मारली. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक लडी होती.

“भाऊजी, खरं सांगा. दिवा पिवळा झाला का माह्ये डोळे गेले? हे दोन्ही मले सारखेच दिसून राहिले.”

मी वर पाहिले. खालून पेटलेला दिवा पाहून काही ठरवता येत नाही. शिडी लावून झाकण उतरवले असते तर लगेच कळले असते. शिडी तिथेच भिंतीला टेकलेली होती. मी म्हणालो, “दिव्याले काय होते, वहिनी? चष्म्याचा नंबर तपासून घ्या. वय कोनाले सोडते?”

त्या हसल्या. “खरं हाये बाप्पा. नातवंड व्हायची वेळ आली.” आणि पुन्हा लड्यांकडे वळल्या.

त्या वेळी मला नक्की ठाऊक नव्हते, अशी पळवाट आजही माझ्यापुढे आहे. पण ठाऊक करून घ्यायचे मी टाळले, आणि टाळतो आहे हे मला समजत होते. माणूस खोटे बोलतो तेव्हा त्याला नेहमी खरे माहीत असतेच असे नाही. कधी कधी तो खऱ्याकडे जाणारा रस्ता बंद करतो, एवढेच.

त्याच सुमारास विणली गेलेली एक करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या काठाची, साडी तुमसरच्या एका घरी लग्नासाठी गेली. मुलीच्या आईने ती अंगणात उलगडली, आणि उन्हात अंगाच्या मधोमध वीतभर रुंदीचा राखी पट्टा दिसला. बाई भल्या होत्या. वाईट शब्द न बोलता त्यांनी साडी परत पाठवली. एवढेच कळवले की नवऱ्या मुलीच्या अंगावर असा डाग बरा दिसत नाही. आमच्या घरातून साडी परत येण्याची ती पहिलीच वेळ होती. दादाने ती ओसरीवर पसरली आणि पट्ट्यावरून हात फिरवला.

“हा पट्टा आंधळ्यालेही दिसंल,” तो म्हणाला. “तुले काहून नाई दिसला?”

वहिनींनी पदराने हात पुसले. “माही चूक झाली,” त्या म्हणाल्या. “डोळे राहिले नाई आता.”

मी तिथेच उभा होतो. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, “सांग गा, दिव्याचा उजेड तं चांगला हाये ना?” आणि मी होय म्हणून मान हलवली. शब्द एकही उच्चारला नाही. पण ती मान मला पुढे अनेकदा आठवली.

वहिनींना डॉक्टरांकडे नेले. मोतीबिंदूची सुरुवात आहे असे निघाले. त्या वयात थोडीफार सुरुवात पुष्कळांना असते, पण आमच्या घराला तेवढे कारण पुरे झाले. लड्या निवडायचे काम दादाच्या सुनेकडे गेले. नुकतीच लग्न होऊन आलेली, समजूतदार मुलगी. ती सकाळी घरकामातून मोकळी होत नसल्यामुळे तीही संध्याकाळी मागघरातच बसे, आणि तिचीही निवड दोन-चारदा डगमगली. पण ती नवी, म्हणून तिला कोणी बोलले नाही. वहिनी कोपऱ्यात बसून धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरू लागल्या. कांडी भरायला रंग ओळखावा लागत नाही. चरखा फिरवला की झाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक दिवा बंद पडला म्हणून मी शिडीवर चढलो. झाकण सरकवून काढले. दोन्ही टोकांना, जिथे ते पन्हळीच्या टोपीखाली जाते तिथे, बोटभर रुंदीची पट्टी शुभ्र पांढरी होती. बाकी सगळे जुन्या तुपाच्या रंगाचे. घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसते तसे. माझ्या छपरावरची चिकटपट्टी सोललेली ती पट्टी मी दुसऱ्यांदा पाहत होतो. खाली कोपऱ्यात चरखा फिरत होता.

तेव्हाच खाली उतरून मी सांगितले असते, तर हे सगळे लिहायची वेळ आली नसती. मी काय केले? झाकण पुन्हा सरकवले आणि वायरीत दोष आहे असे म्हणालो. पुढच्या अमावास्येला माग बंद होते आणि घरची माणसे एका लग्नाला गेली होती. त्या दिवशी सगळी झाकणे उतरवून मी पॉलिकार्बोनेटची नवी बसवली. थराची बाजू नीट पाहून, बाहेर ठेवून. इतके काळजीपूर्वक काम मी क्वचितच केले असेल. जुनी झाकणे कारखान्यात नेऊन मोडली. एक मात्र ठेवले. नमुना म्हणून, असे स्वतःला सांगितले.

दादा परत आल्यावर मी म्हणालो, “नवीन मॉडेल निघालं, म्हनून बदलून देल्ले.” दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला. “भाऊ असावा तं असा,” तो म्हणाला. त्याचे ते शब्द मला अजून टोचतात.

चूक दुरुस्त झाली, आता वहिनींचे काम त्यांना परत मिळेल, अशी आशा मी करीत होतो. झाले उलटेच. नव्या झाकणांखाली सुनेची निवड अचूक होऊ लागली. एकही साडी पट्ट्याची निघाली नाही. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, “जवान डोळे हायेत, बाप्पा. म्हातारीले सोडवलं तवापासून एक पट्टा नाई.” मी गुपचूप केलेली दुरुस्ती हाच वहिनींच्या दोषाचा पुरावा ठरला. घर तेच, माग तेच, माणूस तेवढे बदलले; झाकणे बदलल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही. मग चूक कोणाची होती हे कोणीही सांगेल. वहिनी स्वतःही तेच सांगत. “बरं झालं मी वेळेवर सोडलं,” असे त्या म्हणत.

आणि हळूहळू त्यांनी पाहणेच सोडले. तांदूळ निवडायचे सूप त्या सुनेपुढे सरकवू लागल्या: “तूच पाह्य वो, माह्या नजरेतून खडा सुटते.” बाजारात लुगडे घ्यायचे तर रंग दुसऱ्याला विचारीत. शेजारणी पूर्वी पोरीच्या लग्नाचा शालू त्यांना दाखवायला आणीत; त्यांनाही त्या “मले काय समजते आता” म्हणून परत पाठवू लागल्या. दारातून आत येताना चौकट चाचपून येत. कुठलीही चौकट त्यांना दिसत नव्हती असे नाही. दिसते त्यावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

मी या सगळ्याचा साक्षीदार होतो. मी त्यांच्यासाठी भिंगाचा दिवा आणला, डोळ्यांत घालायचे थेंब आणले, त्यांच्या माहेरी जायला गाडी दिली. माझ्या दिरपणाचे गावात कौतुक होत असे.

गेल्या वर्षी त्यांनीच मोतीबिंदू काढून टाकायचे मनावर घेतले. दादाला माग सोडून येणे जमेना, म्हणून मी त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी अक्षरांचा तक्ता वाचायला दिला, रंगीत ठिपक्यांची पाने दाखवली, डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ तपासले. वहिनी प्रत्येक उत्तराआधी माझ्याकडे पाहत, बरोबर आहे ना अशा अर्थाने. सगळी उत्तरे बरोबर होती.

“आजी, तुमचे डोळे वयाच्या मानाने फार छान आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “मोतीबिंदू अगदी किंचित आहे. इतक्यात ऑपरेशनची गरज नाही. रंग तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगले ओळखता.”

मला वाटले, वहिनी आनंदतील. त्यांनी नुसते “बरं” म्हटले आणि पदर सावरून उठल्या.

आम्ही वरठीच्या पुढे आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून पडले होते. मग बाहेर पाहतच त्यांनी विचारले, “भाऊजी, डोळे चांगले हायेत, तं मंग ते साडीचं कसं झालं?”

मी गाडी चालवत राहिलो.

“मले तं वाटे डोळ्यानं घात केला. डोळ्याचं काय, कापून काढता येते. पन डोळे चांगले असून मले दोन रंगांचा एक रंग दिसला, म्हंजे डोक्यातच बिघडलं माह्या. माह्या मायचंही असंच झालं होतं. पयले मीठ का साकर ते समजे नाई. मंग शेवटी मले म्हने, तू कोनाची पोरगी वो?” मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुमच्या दादाले सांगू नका. सुनेलेही नाई. डॉक्टरीन म्हने अजून पिकला नाई, एवढंच सांगा. तुमच्याच पोटात ठेवा, भाऊजी. तुमच्याशिवाय कोनाले सांगू मी?”

माझ्या पोटात आधीच काय होते! ज्याने त्यांना ही भीती दिली, त्याच्याच पोटात त्या ती ठेवायला देत होत्या. झाकणाची गोष्ट क्षुल्लक आहे, ही माझी इतक्या वर्षांची समजूत तिथे रस्त्यावरच संपली. एक बाई स्वतःचे मन तपासून पाहत होती, आणि माझ्या गप्प बसण्यामुळे चुकीच्या निष्कर्षाला येत होती.

गाडीतच त्यांना सांगावे, असे एकदा वाटले. ते अधिक सोपे झाले असते. वहिनींनी मला तिथेच क्षमा केली असती, आणि घरी कोणाला सांगू नका असेही म्हणाल्या असत्या. पण त्यांना दोष लागला होता तो सर्वांसमोर. मी मोहाडीत गाडी वळवून कारखान्यापाशी थांबवली. माळ्यावर जुन्या पन्हळींच्या मागे ते झाकण होते. धूळ पुसली आणि मागच्या सीटवर ठेवले.

“हे कायले घेतलं?” वहिनींनी विचारले.

“काम हाये घरी,” मी म्हणालो.

दुपार होती. मागघरात दादा मागावर होता, पलीकडच्या मागावर आमचा जुना विणकर, आणि दारापाशी सून लड्या निवडत होती. मी आत गेलो आणि दादाला माग थांबवायला सांगितले. तो हसत म्हणाला, “काय झालं गा? बल्बवाल्यानं पुन्हा नवीन मॉडेल काढलं का?”

मी शिडी लावली. सुनेच्या डोक्यावरच्या दिव्याचे झाकण उतरवले आणि ते जुने झाकण त्यावर सरकवले. मग बाकीचे दिवे बंद केले, दार आणि खिडक्या लावून घेतल्या, छपराच्या पत्र्याखाली चादर धरायला विणकराला सांगितले, आणि सुनेला म्हणालो, “आता निवड, बाई.”

तिने एक मधाच्या रंगाची आणि एक राखी लडी उचलली. जवळ नेली, दूर नेली. “काकाजी, हे दोन्ही तं सारखेच दिसून राहिले,” ती म्हणाली, आणि घाबरून माझ्याकडे पाहू लागली.

मी दार उघडले. तिच्या हातातल्या लड्या दोन रंगांच्या झाल्या. दादाने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा वर झाकणाकडे. शेवटी माझ्याकडे.

“हे झाकण तवाचं हाये?” त्याने विचारले.

“तवाचंच.”

“तुले कवा समजलं?”

“वहिनी कांड्या भराले बसल्या, त्याच्या थोड्या दिवसांनं.”

दादाने मागाचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी शिडीपासून दूर झालो. वहिनी दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या, आत यावे की नाही अशा. पुष्कळ वर्षे मनात जुळवून ठेवलेली वाक्ये मी बाजूला ठेवली. ती पुस्तकी भाषेत होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो:

“वहिनी, तुमचे डोळे कधीच गेले नाई, अन् डोकंही नाई. दिवा पिवळा झाला होता. तुमी मले इचारलं होतं, दिवा का डोळे, अन् मी डोळे म्हनलं. मंग मले समजलं तरी मी गप्प राहिलो, गुपचूप झाकनं बदलली, अन् तुमच्यावरचा बोल तसाच राहू देल्ला. ती साडी मी बिघडवली, तुमी नाई. मले माफ करा.”